वळवाचा आठवडा

न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि हिंदुस्थान सरकारने हवामान खाते स्थापन केले तेही १८७५ सालीच. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. परंतु उघड्या मैदानावर मांडव घालून व्याख्याने भरविणाऱ्या कोणत्याही गावच्या मंडळींना विचारावे. या दोहोंची गाठ दरवर्षी चैत्र-वैशाखात कशी पडते ते ती सांगतील. व्याख्यानाची वेळ संध्याकाळची आणि वळवाची वेळही संध्याकाळचीच. वक्ता उभा राहावा, आणि पूर्वेला काळोखी दाटून मांडवाच्या कनाती फडफडू लागाव्यात, हा अनुभव महाराष्ट्रातील बहुतेक व्याख्यानमालांच्या पदरी असेल. श्रोत्यांच्या दृष्टीने ही फार तर एका संध्याकाळची गैरसोय होय. शिवारातल्या माणसाच्या दृष्टीने मात्र त्याच अर्ध्या तासात वर्षाची कमाई, आणि कधी कधी जीवही, पणाला लागलेला असतो. म्हणून या विषयाचा थोडा नीट विचार करावा असे आम्हांस वाटते.

आम्ही जे बोलणार ते मुख्यत्वे आपल्या जतच्या संदर्भात. जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. १९४८ पर्यंत येथे डफळ्यांचे संस्थान होते. विलीनीकरणानंतर हा मुलूख दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. सह्याद्रीचा माथा ओलांडून पाऊस आमच्यापर्यंत पोहोचेतो त्याची झोळी रिकामी झालेली असते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांच्या आत असलेल्या जतला पाचशेच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा परतीच्या पावसाचा. या मुलखातील उन्हाळा कसा असतो ते इतिहासालाही ठाऊक आहे. १६७३ च्या एप्रिलात याच तालुक्यातल्या उमराणीजवळ प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाच्या फौजेचे पाणी तोडले, आणि तहानेने त्या फौजेला जेरीस आणले.

अशा प्रदेशात आकाशातून येणाऱ्या पाण्याला कोणी नको म्हणेल काय? पण येथेच खरी अडचण आहे. वळवाच्या एका चांगल्या सरीने नांगरटीची ढेकळे फुटतात, जमीन हाताखाली येते, माळावर कोवळे गवत फुटते आणि माडग्याळी मेंढ्यांचे कळप चार दिवस पोटभर चरतात. पण त्याच सुमारास दोन बांधांपलीकडे बेदाण्याच्या रॅकवर द्राक्षे वाळत असतात, खळ्यावर शाळूची कणसे असतात, कडबा गंजीविना उघडा पडलेला असतो, आणि डाळिंबाच्या बागेत फळ धरलेले असते. एकाचे अमृत ते शेजाऱ्याचे विष, अशी या पाण्याची गत आहे. तेव्हा प्रश्न असा येतो की, हे पाणी केव्हा व कोठे येणार हे आधी कळते काय? कळत असेल तर किती आधी आणि कितपत नेमके?

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत पडणाऱ्या सगळ्याच पावसाला आपण सरसकट 'अवकाळी' म्हणून टाकतो. पण त्यात दोन प्रकार आहेत. फेब्रुवारी-मार्चात येणाऱ्या वादळी पावसाचे मूळ दूर उत्तरेस असते. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारे थंड हवेचे आवर्त, ज्यांना हवामान खाते पश्चिमी विक्षोभ म्हणते, एरवी हिमालयावर बर्फ पाडून पुढे जातात. एखाद्या वर्षी त्यांचा पदर दक्षिणेकडे लांबतो, महाराष्ट्राच्या डोक्यावर उंचावर गार हवा येते आणि गारपीट होते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर जी गारपीट झाली, तिने गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे आणि डाळिंबे यांची जी नासाडी केली, ती शेतकरी अजून विसरलेला नाही. तो एका संध्याकाळचा तडाखा नव्हता. आज येथे, उद्या तेथे असा तो दोन-तीन आठवडे चालला.

एप्रिल-मेमधला वळीव याहून निराळा. तो बाहेरून आलेला पाहुणा नव्हे. तो बराचसा घरचाच. आपल्याच तापलेल्या जमिनीतून तो उठतो. आपल्या जुन्या शेतकी पंचांगात पावसाची नक्षत्रे मृगापासून मोजतात. रेवती, अश्विनी, भरणी, कृत्तिका या नक्षत्रांत, म्हणजे मार्चच्या अखेरीपासून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत, जे पडेल ते हिशेबाबाहेरचे. पण हिशेबाबाहेरचे म्हणजे नियमाबाहेरचे नव्हे. वळवाला नियम आहे, आणि तो चुलीवरच्या दुधाइतका साधा आहे.

दूध खालून तापते. तळाचे दूध हलके होऊन वर येते, साय त्याला काही वेळ दाबून धरते, आणि मग एकाएकी ते उतू जाते. हवेचेही तसेच. सूर्य हवा थेट तापवीत नाही. तो जमीन तापवितो आणि जमीन हवेला. जतच्या खडकाळ, उघड्या माळावर एप्रिलच्या दुपारी पारा चाळीस अंशांकडे जातो. तापलेली हवा वर उठते, वर जाताना पसरते आणि दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी निवते. हवा अगदी कोरडी असेल तर एवढ्यावरच खेळ संपतो. फार तर वावटळ उठते. परंतु हवेत बाष्प असेल तर एका उंचीवर त्याचे थेंब बनतात, म्हणजे ढग दिसू लागतो. आणि येथे निसर्गाची एक युक्ती आहे. पाण्याची वाफ करताना जी उष्णता खर्ची पडते, ती वाफेचे पुन्हा पाणी होताना परत मिळते. ढगातली हवा त्यामुळे भोवतालच्या हवेहून उबदार राहते आणि आणखी वर झेपावते. जणू चुलीला वरूनच इंधन मिळू लागते. तासा-दीड तासात असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. एव्हरेस्ट शिखराची उंची नऊ किलोमीटरांहून कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकरणाची कल्पना येईल. वर त्याला जणू छत लागते, मग तो आडवा पसरतो आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट दिसतो. क्षितिजावर ऐरण दिसली की तो ढग वयात आला असे समजावे.

आता, जमीन तर रोजच तापते. मग वळीव रोज का येत नाही? कारण बाष्प रोज नसते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे तमिळनाडू-केरळकडे कमी दाबाचा एक लांबट पट्टा पुष्कळदा तयार होतो. त्याच्या एका अंगाने वायव्येकडचे कोरडे वारे वाहतात, तर दुसऱ्या अंगाने समुद्रावरचे, विशेषतः बंगालच्या उपसागराकडील, दमट वारे येतात. हे दोन वारे जेथे भेटतात तेथे हवेला वर उचलण्याला आयती मदत मिळते. हा पट्टा स्थिर नसतो. तो कधी पूर्वेला सरकतो, कधी पश्चिमेला. विजापूरच्या शेजारी वसलेले जत कधी त्याच्या कोरड्या बाजूला सापडते, कधी ओल्या. म्हणूनच पावसाळी ढग नेहमी पश्चिमेकडून येत असले तरी वळीव आमच्याकडे पुष्कळदा पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून उठलेला दिसतो.

या रीतीने एक आठवडा कसा जातो, ते पाहू. हा आठवडा कोणा एका वर्षाचा नव्हे, नमुन्यादाखल आहे. सोमवार-मंगळवारी आकाश निरभ्र, ऊन कडक, पण सावलीत बरे वाटते, घाम चटकन वाळतो. बुधवारी वारा फिरतो. उकाडा वाढतो, घाम वाळत नाही, मीठ-गुळाला पाझर सुटतो. पारा कदाचित तितकाच असेल. वाढले आहे ते बाष्प. गुरुवारी दुपारी कापसासारखे ढग उभे राहतात आणि संध्याकाळी विरतात. सायीने अजून दूध दाबून धरले आहे. शुक्रवारी सकाळपासून पान हलत नाही. दुपारी दोननंतर एखादा ढग फुलकोबीसारखा फुटून वर चढतो, चारच्या सुमारास त्याची ऐरण होते, आणि पाच वाजता वारा, धूळ, विजा, कोठे पाऊस, कोठे गारा. शनिवारी सकाळी हवा गार, माती ओली. माणसे म्हणतात, गेले एकदाचे. पण जमिनीतला ओलावाच आता बाष्प पुरवितो, आणि शनिवारी संध्याकाळी तोच प्रकार पुन्हा, बहुधा दुसऱ्याच गावावर. रविवारी पट्टा सरकतो, कोरडा वारा परत येतो, आणि आकाश असे स्वच्छ होते की जणू काही घडलेच नाही.

आता ढगाच्या पोटात काय चालते ते पाहू. कारण तिन्ही आपत्ती तेथूनच निघतात. पहिली गार. एप्रिलमध्ये साडेचार-पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठण्याइतकी थंडी असते. वर जाणारा झोत जोराचा असला की बर्फाचा कण खाली पडू पाहतो आणि पुन्हा वर उचलला जातो. गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब त्याला चिकटून गोठतात व तो मोठा होत जातो. झोताला पेलवेनासा झाला की तो पडतो. लिंबाएवढी गार ताशी ऐंशी किलोमीटरांहून अधिक वेगाने खाली येते. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तरेत मुरादाबाद येथे झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीने सर्वाधिक बळी घेतल्याची घटना आजही तीच आहे. आमच्या सीमेवरच्या तालुक्यात कन्नडही घरोघर चालते. कन्नडात गारेला 'आलिकल्लु' म्हणतात, आणि त्यातल्या 'कल्लु'चा अर्थ दगड.

दुसरी आपत्ती वाऱ्याची. पावसाळ्यात ढगाचा तळ बराच खाली असतो. वळवात मात्र खालची हवा कोरडी असल्याने तळ दोन-अडीच किलोमीटर किंवा त्याहूनही वर असतो. ढगातून निघालेले थेंब या कोरड्या हवेतून पडताना वाटेतच वाळतात. वाळताना ते हवेतली उष्णता ओढून घेतात, आणि ही हवा गार व जड होऊन धाडकन खाली आदळते व चहूकडे पसरते. पाऊस येण्याआधी येणारा गार, धुळीचा, झाडे मोडणारा वारा तो हाच. कोरड्या मुलखात वळवाला पाणी कमी आणि वारा फार, याचे कारण हेच होय. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण अशाच आकाशाखाली सुचली असावी. परंतु ही म्हण पावसाला लागू आहे, विजेला नाही, आणि हे विसरल्याने माणसे मरतात.

तिसरी आपत्ती, ती वीज. ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि जड गारकण एकमेकांवर घासून त्यांच्यावर विरुद्ध जातीचे विद्युतभार साचतात. हलके वर जातात, जड खाली राहतात, आणि ताण असह्य झाला की ठिणगी पडते. बहुतेक ठिणग्या ढगातल्या ढगातच राहतात. काही जमिनीवर येतात. कन्नडात चमकणाऱ्या विजेला 'मिंचु' आणि कोसळणाऱ्या विजेला 'सिडिलु' अशी दोन नावे आहेत. शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच ताणाची लेकरे. पहिली दिसली की दुसरी संभवते. भारतात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांच्या आसपास, किंबहुना अधिक, माणसे मरतात. त्यांत शेतात काम करणारी आणि गुरे राखणारी माणसे पुष्कळ असतात.

आता अंदाजाविषयी. 'हवामान खात्याने पाऊस सांगितला आणि आमच्या गावात थेंब नाही,' ही तक्रार चावडीवर नेहमी ऐकू येते. तिच्यात तथ्य नाही असे नव्हे, पण तिच्यात एक गैरसमज दडलेला आहे. पुन्हा दुधाकडे वळू. आच किती, दूध किती हे माहीत असले की ते उतू जाणार हे सांगता येते. पण पहिला बुडबुडा भांड्याच्या कोणत्या बाजूला येईल हे सांगता येत नाही. तसेच, कमी दाबाचा पट्टा कोठे आहे, बाष्प किती आले, उंचावरची हवा किती गार आहे हे पाहून सांगली जिल्ह्यात येत्या दोन-तीन दिवसांत वादळी पावसाला अनुकूल स्थिती आहे, एवढे खाते सांगू शकते. ढग नेमका संखवर उठेल की डफळापुरावर, हे मात्र तो उठल्यावरच कळते. मग हाती उरतात एक-दोन तास. म्हणून खात्याचे इशारेही दोन तऱ्हांचे असतात. एक दिवसांचा, जिल्ह्यापुरता. दुसरा पुढच्या तीनेक तासांचा, रडार व उपग्रह पाहून दिलेला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइलवरचे साधन तर आपल्या भोवतीच्या वीस व चाळीस किलोमीटरांच्या टापूत विजा होत आहेत काय हे दाखविते.

अंदाजातला प्रत्येक शब्द मोजलेला असतो. 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थ जिल्ह्यातील शंभर मापनकेंद्रे धरली तर पंचविसांपर्यंत. 'काही ठिकाणी' म्हणजे पंचविसांच्या पुढे पन्नासांपर्यंत. रंगांचेही तसेच: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. तेव्हा 'तुरळक ठिकाणी गारपीट' हा अंदाज अगदी बरोबर ठरला तरी चारांपैकी निदान तीन गावांना तो खोटाच वाटणार. लागोपाठ तीन वेळा कोरडे राहिलेले गाव चौथ्या वेळी इशाऱ्याकडे पाठ फिरविते, आणि ढग त्या वेळी नेमका त्याच्याच शिवारावर उभा असतो. अंदाज चुकला म्हणून होणाऱ्या हानीपेक्षा अंदाजाचा अर्थ न कळल्याने होणारी हानी आम्हांस अधिक मोठी वाटते. जिल्ह्याचा इशारा हा निकाल नव्हे; ती दुपारी दोननंतर आकाशाकडे पाहत राहण्याची सूचना आहे. निकाल आपल्या डोळ्यांनी पाहावयाचा असतो.

आकाशाकडे पाहून काय करावयाचे? पिकाच्या बाबतीत सांगायचे तर काही वाचविता येते, काही येत नाही. बेदाण्याला रॅकवर वाळण्यास पंधरवड्याच्या आसपास लागतो. ओल लागली की तो काळा पडतो आणि तासगाव-सांगलीच्या बाजारात त्याचा भाव उतरतो. शेडच्या उघड्या बाजूंना पडदे व ताडपत्र्या आधीच बांधून, गुंडाळून ठेवल्या असतील तर त्या सोडण्यास दहा मिनिटे पुरतात; ढग आल्यावर शोधू लागलो तर तास पुरत नाही. शाळू व कडब्याचेही तेच. आठवड्याच्या इशाऱ्याचा उपयोग एवढाच, की काढणी, मळणी, फवारणी दोन दिवस अलीकडे-पलीकडे करावी. झाडावरच्या फळावर गार पडू लागली तर मात्र त्या क्षणी करण्यासारखे काही नाही. आधी घातलेल्या जाळीचाच काय तो उपयोग, आणि ती प्रत्येकाला परवडत नाही. हे कटू असले तरी खरे आहे.

जिवाच्या बाबतीत मात्र जवळजवळ सर्व काही हाती आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईतो सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला, म्हणजे ढग दहा किलोमीटरांच्या आत आहे, तर पक्क्या घरात जावे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, कारण ढग पुढे सरकल्यावरही त्याची वीज मागे पडू शकते. झाडाखाली उभे राहू नये. वीज झाडावर पडते आणि झाडातून माणसावर उडी घेते. तारा व लोखंडी कोन असलेल्या उघड्या बेदाणा शेडमध्ये, रॅकला टेकून तर मुळीच थांबू नये. पडदे ढग दूर असतानाच सोडावेत. गडगडाट जवळ आल्यावर मालाच्या मोहाने मागे फिरू नये. माळावर आडोसा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये, आणि चार माणसांनी एकमेकांपासून दूर बसावे. पाय जुळविण्याचे कारण असे: वीज जमिनीत शिरली की ती पसरते, आणि दोन पायांत अंतर असले की एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. मेंढ्या-गुरांचे पुढचे व मागचे पाय लांब असतात, म्हणूनच झाडाखाली गोळा झालेला कळपच्या कळप एका विजेने मरतो. मेंढपाळाने कळप झाडापासून दूर, सखल जागी पांगू द्यावा.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत अजून आपल्याकडे आहे. विजेला कोण कसा जन्मला याची खबर नसते. ती उंची, एकटेपणा आणि वाट पाहते. ही समजूत दोन अंगांनी घातक आहे. पायाळूला ती उगाच भिवविते, आणि इतरांना खोटे अभय देते. दुसरी समजूत अशी की, वीज पडलेल्या माणसाला शिवले तर आपल्यालाही झटका बसतो. तसे मुळीच होत नाही. त्याच्या अंगात वीज शिल्लक नसते. थांबलेले असते ते हृदय आणि श्वास. छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने व जलद दाब देत राहावे आणि दवाखान्याची सोय करावी. शिवायला भिऊन घालविलेली पाच मिनिटे परत मिळत नाहीत.

असो. ढग थांबविणे आपल्या हाती नाही, आणि जतसारख्या तहानलेल्या तालुक्याने तशी इच्छाही धरू नये. आपल्या हाती आहे ती त्या एक-दोन तासांची व्यवस्था. मोबाइलवर आलेला इशारा रानातल्या माणसापर्यंत पोहोचतो काय, हा खरा प्रश्न आहे. कारण मोबाइल पुष्कळदा घरी असतो किंवा झोळीत बंद असतो. प्रत्येक वस्तीवर चैत्र-वैशाखापुरते एक माणूस नेमावे. त्याने दुपारी दोन वाजता इशारा पाहावा, तीनपासून पूर्व-दक्षिणेकडे नजर ठेवावी, आणि ऐरण दिसताच देवळाची घंटा किंवा शाळेचा भोंगा वाजवावा. याला अनुदान लागत नाही, यंत्र लागत नाही. चार वेळा घंटा फुकट वाजेल. रानातली माणसे येतील, घोटभर चहा घेतील आणि हसत परत जातील. पाचव्या वेळी ती सारी घरात असतील, एवढ्यासाठीच ती चार वेळा वाजवावयाची.